एका हातात काठी, दुसऱ्या हातात फोन : टॉकबॅक की व्हॉइसओव्हर?

"मॅडमना बटणवाला दाखवू का?" हे दादरच्या एका मोबाईलच्या दुकानातल्या पोराने मला नाही, माझ्या भावाला विचारलं. मी शेजारीच उभी, हातात पांढरी काठी, आणि पैसे माझ्या पर्समध्ये. दादा गप्प, कारण त्याला माहितीये की अशा वेळी तो माझ्या वतीने बोलला की घरी जाऊन मी त्याचंच डोकं खाते. मग मीच काउंटरवर हात फिरवून डेमोचा फोन शोधला, आवाजाची दोन्ही बटणं दाबून धरली, दादाला म्हटलं स्क्रीनवर काय विचारतोय त्याला हो म्हण, आणि टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडमधला बोलणारा प्रोग्राम, सुरू झाला. फोन एकदम बोलायला लागला तसं ते पोरगं "अरे हँग झाला, हँग झाला" करत धावत आलं. पुढची दहा मिनिटं त्याला फोन चालवताच येईना आणि मी आरामात सेटिंग बघत बसले. पाप लागेल मला, पण मजा आली.

तर विषय असा की मी मुलुंड ते सीएसएमटी रोज जाते, आणि आमच्या अपंगांच्या डब्यात ठाण्याहून एक पोरगी येते, टीवायला आहे, पूर्ण अंध, शिकवणी वगैरे घेऊन तिने अठरा हजार साठवलेत. तिने विचारलं, "ताई, आयफोनसाठी अजून थांबू की अँड्रॉइड घेऊन टाकू?" माझ्याकडे गेले आठ महिने दोन्ही आहेत, सेकंडहँड घेतलेला आयफोन १३ आणि एक सोळा हजारांचा अँड्रॉइड, आणि तरी मला गाडी भांडुप सोडून विक्रोळीला आली तरी उत्तर देता येईना. म्हटलं सोमवारी सांगते. ते उत्तर लिहायला बसले आणि हे एवढं लांबलं.

डोळसांसाठी पटकन सांगते, बाकीच्यांनी हा पॅरा सोडा. स्क्रीन रीडर म्हणजे फोनमधलाच बोलणारा प्रोग्राम, बोट जिथे ठेवाल तिथे काय आहे ते सांगतो, उजवीकडे स्वाइप केलं की पुढची गोष्ट, डावीकडे केलं की मागची, उघडायचं असेल तर डबल टॅप. आयफोनवर त्याचं नाव व्हॉइसओव्हर, अँड्रॉइडवर टॉकबॅक, दोन्ही फुकट. हे फुकट आज साधं वाटतं, पण आमच्या कॉलेजच्या काळात नोकियावर टॉक्स नावाचं सॉफ्टवेअर वेगळं टाकायला लागायचं आणि ते काही स्वस्त नव्हतं. २००९ ला आयफोन थ्रीजीएसमध्ये व्हॉइसओव्हर आला तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये सगळे हसले होते, सपाट काचेवर आंधळा माणूस काय करणार, बटणं कुठायत! त्याच वर्षी टॉकबॅकही आला. गूगलमध्ये या कामाच्या सुरुवातीला जे लोक होते त्यातले एक टी. व्ही. रामन, स्वतः अंध, जन्म पुण्याचा आणि मास्टर्स आपल्या पवईच्या आयआयटीतून, त्यामुळे टॉकबॅकचं थोडं माहेर इकडचं आहे असं मी आपली मनाशी म्हणते. फक्त काचेवर बोट फिरवून ऐकायची सोय अँड्रॉइडला यायला २०११ उजाडलं, चौथ्या व्हर्जनला. त्या दोन वर्षांच्या उशिराची बदनामी टॉकबॅक अजून भोगतोय. आमच्यात आजही कुणी नवीन फोन घ्यायला निघालं की चार सीनियर मंडळी न विचारता सांगतात, "आयफोनच घे, अँड्रॉइड आपल्यासाठी नाही." यातल्या निम्म्यांनी गेल्या पाच-सात वर्षांत अँड्रॉइडला हात लावलेला नसतो.

आता माझी खरी परीक्षा. माझा एक हात काठीला दिलेला असतो. लोकलमध्ये चढले की तोच हात हँडलला. म्हणजे फोन चालवायला उरतो एक हात, त्यातही खरं तर एक अंगठा. परदेशातल्या लोकांच्या रिव्ह्यूमध्ये हे मी कधी ऐकलं नाही, ते बहुतेक टेबलाशी बसून रिव्ह्यू करत असणार. व्हॉइसओव्हरमध्ये रोटर म्हणून प्रकार आहे, दोन बोटं काचेवर ठेवून नळ फिरवल्यासारखी फिरवायची, की अक्षर-अक्षर जायचं का शब्द-शब्द का हेडिंग-हेडिंग ते बदलतं. घरी पलंगावर बसून रोटरसारखं सुख नाही. पण दादरच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता उभं राहून एका हाताने रोटर फिरवून दाखवा, माझ्याकडून वडापाव. मागे जायला दोन बोटांनी झेड काढायचा, तेही तसंच. टॉकबॅकमध्ये मात्र हे सगळं एका बोटाने होतं. खाली जाऊन डावीकडे वळलं की मागे, वर जाऊन डावीकडे की होम, उजवीकडे जाऊन खाली की नोटिफिकेशन, आणि वर-खाली असा झटका दिला की वाचायची पद्धत बदलते. २०२१ मध्ये टॉकबॅकला दोन-तीन बोटांच्या खुणा आल्या पण जुन्या एका बोटाच्या काढून टाकल्या नाहीत, हे फार बरं केलं. आयफोनवरही खुणा आपल्या सोयीने बदलता येतात, मी थोड्या बदलल्यात, तरी उभ्याने अँड्रॉइड आणि बसून आयफोन हे माझं झालेलं आहे. फोन उचलायला आणि ठेवायला दोन बोटांनी डबल टॅप, ही सोय दोन्हीकडे आहे आणि आख्ख्या फोनमधली मला हीच सगळ्यात प्यारी, कारण हिरवं बटण शोधेपर्यंत समोरच्याने कट केलेलं असायचं.

दारात उभं राहून फोन काढू नका हे डोळसांना सांगावं लागतं, रुळांशेजारून हातावर फटका मारून फोन पळवणारी फटका गँग काय चीज आहे ते सगळ्यांना माहितीये. माझा फोन पर्समधून बाहेरच येत नाही. एका कानात इयरफोन, हात पर्समध्ये, आणि मी आख्खा फॅमिली ग्रुप वाचून काढते. वर स्क्रीन पूर्ण काळी, म्हणजे फोन चालू पण दिसत काही नाही. आयफोनवर तीन बोटांनी तीनदा टॅप केलं की होतं, टॉकबॅकमध्ये मेनूत जाऊन स्क्रीन लपवायची. शेजारची बाई डोकावतेय का हे मला कळायचा काही मार्ग नाही ना, म्हणून मी ती काळीच ठेवते. एकदा एकीने काळजीने सांगितलं होतं, "अहो, तुमचा फोन बंद पडलाय, तुम्ही उगाच बोट फिरवताय."

बरं, आता मराठी. इथे मी जरा जास्त बोलणार कारण यावर कुणी बोलतच नाही. आयफोनच्या व्हॉइसओव्हरला मराठी आवाज मिळाला २०२२ ला, आयफोनच्या आयओएस १६ या सिस्टिममध्ये. त्याआधी देवनागरी दिसलं की लेखा नावाच्या हिंदी आवाजातली बाई वाचायची. आवाज गोड, पण ज्ञानेश्वरीची ग्यानेश्वरी करणार, त्रेपन्नला तिरपन म्हणणार, आणि चमच्यातला च आणि चहातला च तिच्या लेखी एकच. आईचे मेसेज तिच्या तोंडून ऐकताना आई अलाहाबादला राहायला गेल्यासारखं वाटायचं. अडचण मुळातच अशी आहे की लिपी हिंदीची पण तीच आणि आपली पण तीच, नुसती अक्षरं बघून फोनला कळणार कसं की ही कुठली भाषा. तमिळवाल्यांना किंवा गुजरात्यांना हा ताप नाही, त्यांची लिपी हेच त्यांचं ओळखपत्र. त्यामुळे फोन मराठी बोलतो एवढं ऐकून खूश होऊ नका, एकदा नीट बसून मराठी आवाज उतरवून घ्यायचा आणि मराठी सहज लावता येईल अशी सोय करून ठेवायची. आयफोनवर मी रोटरमध्ये भाषा टाकून ठेवलीय, मराठी मेसेज आला की मराठीवर जाते.

अँड्रॉइडवर गूगलच्या आवाजांत मराठी आहेच, पण खरी गंमत वेगळी, तिथे आवाजाचं इंजिनच बदलता येतं. ईस्पीक नावाचं फुकटातलं इंजिन आहे, ते मराठी बोलतं, आवाज डालड्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा, पण स्पीड कितीही वाढवा, अक्षर तुटत नाही. आयफोनवर २०२२ पासून एलोक्वेन्स आहे, तोही तसाच जुना रोबोटी आवाज, जुन्या लोकांचा जीव की प्राण, पण त्याला मराठी येत नाही. हे गोड गोड माणसासारखे आवाज जाहिरातीत बरे, रोज दोनशे मेसेज ऐकायचे असतील तर डबाच बरा. माझा स्पीड ऐकून लोकलच्या डब्यातल्या एका काकांनी विचारलं होतं, "काय गं, हा चायनीज बोलतो काय?"

आणि मावशी, काका, ऑफिसमधले निम्मे लोक मराठी लिहितात इंग्रजी अक्षरांत, त्यावर दोन्ही फोन हात टेकतात. "जेवलीस का" हे इंग्रजी आवाज "जेव्हलिस्का" असं वाचतो, एखाद्या रशियन बाईचं नाव असल्यासारखं. भारतीय इंग्रजी आवाज लावला तर निदान अंदाज येतो. इमोजींचं तर विचारूच नका. वाढदिवस कुणाचा तरी असतोच, आणि "हात जोडलेले, हात जोडलेले, केक, केक, केक" ऐकता ऐकता घाटकोपर येतं.

लिहिण्याचं म्हणाल तर मराठी बोलून लिहिण्यात माझ्यापुरता अँड्रॉइड पुढे. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी बोलून टाइप व्हायला लागलं २०१७ ला आणि तेव्हापासून माझं घरच्यांशी भांडण अर्ध्यावर आलं, कारण आधी काना-मात्रा-वेलांटी शोधत काचेवर फिरायचं म्हणजे राग थंड व्हायचा नाही उलट वाढायचा. इंग्रजी मेल मात्र मी आयफोनवर ब्रेलने लिहिते. फोन आडवा धरून काचेवर सहा बोटं टेकवायची, काचेचाच ब्रेल टाइपरायटर होतो. आयफोनला हे २०१४ पासून आहे, टॉकबॅकला २०२० ला आलं. शाळेत स्लेटवर उलटं टोचून टोचून शिकलेलं ब्रेल पन्नास हजारांच्या काचेवर कामाला येईल असं आमच्या बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी कान धरला असता. आणि लिहिलेलं दुरुस्त करायला, मधला एक शब्द काढून दुसरा घालायला, थोडं सिलेक्ट करून दुसरीकडे न्यायला, तिथे व्हॉइसओव्हर माझ्या मते अजून पुढे आहे. टॉकबॅकमध्ये पण सगळं होतं, पण कर्सर नक्की कुठे बसलाय याची मनात धाकधूक राहते. दोन ओळींच्या मेसेजला फरक पडत नाही. साहेबांना दोन पानी मेल पाठवायचा असेल तर पडतो.

पैशांची गोष्ट. ओटीपी हा आमच्या जिवावर उठलेला प्रकार आहे. मेसेज येतो आणि आवाज सांगतो "चार लाख ब्याऐंशी हजार नऊशे सतरा". अरे ती रक्कम नाही रे बाबा, आकडे सांग! मग अक्षरांवर जायचं, एकेक आकडा ऐकायचा, परत बँकेच्या ॲपमध्ये यायचं, तोवर वेळ संपलेली. आयफोन हल्ली आलेला ओटीपी कीबोर्डच्या वरच आणून ठेवतो, डबल टॅप केलं की भरला, अँड्रॉइडवरही बऱ्याच ॲपमध्ये तसं होतं पण सगळीकडे होईलच असं नाही. पिन टाकताना इयरफोन घालाच, नाहीतर फोन चार-दोन-नऊ करत भाजीवाल्यासमोर आख्खा पिन बोलून दाखवेल. क्यूआर स्कॅन करणं दोन्ही फोनवर नशिबाचा भाग, मी सरळ भाजीवाल्याच्या हातात फोन देते की तूच धर रे त्याच्यासमोर, आणि मग त्याचा साउंडबॉक्स ओरडला की मला कळतं किती गेले. तो साउंडबॉक्स आमच्यासाठी कुणी काढलेला नाही, पण आमच्या इतका उपयोग कुणालाच नसेल. रोख असेल तर रिझर्व्ह बँकेचं मणी ॲप आहे, १ जानेवारी २०२० ला आलेलं, नोट कॅमेऱ्यासमोर धरली की किती रुपयांची ते बोलतं, इंटरनेट लागत नाही, दोन्ही फोनवर चालतं. फुकट आहे, घ्या, नवीन नोटा हाताला फार सारख्या लागतात.

कुलूप उघडणं. स्वस्त अँड्रॉइडमध्ये फिंगरप्रिंट बाजूच्या बटणात असतो, आणि ते उत्तम, हाताला लागतं, बोट ठेवलं की झालं. महागड्या फोनमध्ये तोच काचेखाली नेलाय, सपाट काचेवर नेमकी जागा शोधत अंगठा ठेवत बसा. म्हणजे जास्त पैसे देऊन जास्त त्रास, दुकानात हे कुणी सांगत नाही. आयफोनचं फेस आयडी मूळात डोळे फोनकडे लागतात की नाही ते बघतं, आता माझे डोळे कुठे बघतात ते मलाच माहीत नाही, पण ती अट बंद करता येते, आणि फोन नवा असताना सुरुवातीलाच व्हॉइसओव्हर लावून सेटअप केला तर ती आपोआप बंद होते. सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे आठवणीने तपासा, मला पहिले तीन दिवस वाटत होतं की दुकानदाराने कॅमेरा बदलून दिलाय.

इयरफोनचं एक राहिलं. आयफोनला २०१६ पासून साध्या इयरफोनचं भोकच नाही. ब्लूटूथ लावलं की बोट फिरवल्यावर आवाज किंचित उशिरा येतो, गाणी ऐकताना ते कळणार नाही पण स्क्रीन रीडरला ती फट फार टोचते, बोट पुढे गेलेलं असतं आणि आवाज अजून मागच्याच बटणाचं नाव घेत असतो. स्वस्त अँड्रॉइडला अजून ते भोक मिळतं, स्टेशनबाहेर दीडशे रुपयांत वायरवाला इयरफोन घ्या आणि एकाच कानात घाला, दुसरा कान आपला डोळा आहे. पावसात मात्र दोन्ही फोन सारखेच येडे. काचेवर थेंब पडले की फोनला वाटतं बोटं लागली आणि तो स्वतःच काहीतरी उघडत, बोलत सुटतो, जुलैत छत्री, काठी आणि फोन असं तिन्ही घेऊन चालणाऱ्याला तिसरा हात लागतो आणि तो कुठलीच कंपनी देत नाही.

आता अँड्रॉइडची वाईट बाजू, कारण वाचणाऱ्याला वाटायला लागलं असेल की मी तिकडेच झुकलेय. आयफोन घेतला की कुठलाही घ्या, व्हॉइसओव्हर तोच आणि तसाच. अँड्रॉइड म्हणजे दहा कंपन्या आणि दहा तऱ्हा. माझा आधीचा फोन, कंपनीचं नाव घेत नाही, बॅटरी वाचवायच्या नावाखाली टॉकबॅकलाच झोपवायचा. एकदा रात्री साडेअकराला कुर्ल्याच्या प्लॅटफॉर्मवर तो मुका झाला. बटणं दाबली, काही नाही. फोन हातात आहे, चार्जिंग आहे, आणि मी कुणाला कॉल करू शकत नाही. बाजूने जाणाऱ्या एकाला म्हटलं, दादा जरा सेटिंगमध्ये जाऊन एक गोष्ट चालू करून द्याल का, तर तो बिचकला, त्याला वाटलं काहीतरी फ्रॉड आहे, बाई अनोळखी माणसाच्या हातात अनलॉक केलेला फोन देतेय म्हणजे नक्कीच काहीतरी गडबड. शेवटी एका चहावाल्याने केलं, पण त्यालाही ऐन वेळी टॉकबॅक सुरू झाल्यावर डबल टॅपची सवय नसल्यामुळे पुढे काही करता येईना, तो म्हणतो मी बिघडवला. म्हणून अँड्रॉइड घेतल्या घेतल्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन टॉकबॅकला हात लावू नको असं सांगून ठेवायचं, हे पहिलं काम. एक चांगलं, टॉकबॅक प्ले स्टोअरवरून अपडेट होतो, फोन जुना असला तरी टॉकबॅक नवा मिळू शकतो. आयफोनला व्हॉइसओव्हर सुधारायचा तर आख्खा आयओएस अपडेट करायला लागतो, पण ती अपडेट वर्षानुवर्षं येत राहतात, २०१८ च्या आयफोन टेनएसला २०२४ चं आयओएस १८ मिळालं.

आमच्यात बरेच जण टॉकबॅक सोडून जिएशुओ नावाचा चिनी स्क्रीन रीडर वापरतात, सोयी खूप आहेत त्यात. पण बँकेच्या काही ॲपना ओळखीचा नसलेला स्क्रीन रीडर दिसला की ती उघडतच नाहीत. कारण स्क्रीन रीडरला स्क्रीन वाचायला जी ॲक्सेसिबिलिटीची परवानगी लागते, तीच वापरून चोर लोक लोकांची स्क्रीन वाचतात आणि खाती साफ करतात. चोरी त्यांनी करायची आणि दार आमच्या तोंडावर बंद.

फोटोंच्या बाबतीत जग फारच बदललंय. बी माय आइज २०१५ ला आयफोनवर आलं, २०१७ ला अँड्रॉइडवर, जगात कुठेतरी बसलेला डोळस माणूस व्हिडिओ कॉलवर तुमच्यासाठी बघतो, आणि २०२३ पासून त्यात एआय पण आहे. मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं वाचून सांगणारं ॲप, आयफोनवाल्यांना २०१७ ला मिळालं, अँड्रॉइडवाल्यांना डिसेंबर २०२३ ला, सहा वर्षं आम्ही नुसतं कौतुक ऐकत होतो. आता टॉकबॅकमध्येच गूगलचं जेमिनी एआय आलंय, फोटोवर जाऊन वर्णन विचारलं की सांगतं. त्यामुळे इतकी वर्षं जे गुड मॉर्निंगचे फोटो "इमेज" एवढ्याच नावाने माझ्यापर्यंत यायचे ते आता "गुलाबाच्या पाकळ्यांमध्ये गणपती, उगवता सूर्य, वाफाळता चहा" असे येतात. अज्ञानात सुख होतं खरं. साडीचा रंग विचारला की निळसर हिरवा सांगतं, तो मोरपंखी आहे हे आईच सांगू जाणे. आणि औषधांवर मात्र विश्वास ठेवू नका. एका ॲपने मला गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख इतक्या आत्मविश्वासाने चुकीची सांगितली की मी केमिस्टला फोन करून विचारलं नसतं तर टाकून दिल्या असत्या चांगल्या गोळ्या.

महागड्या प्रो आयफोनमध्ये लायडार म्हणजे अंतर मोजणारा सेन्सर असतो, त्याने आयओएस १६ पासून दार कुठे आहे, किती लांब आहे, ढकलायचं की ओढायचं हे सांगतात. मैत्रिणीच्या फोनवर करून पाहिलं, मस्त आहे. पण आमच्या चाळीत दारं उघडीच असतात, प्रश्न दारासमोरच्या चपलांचा आहे.

आता सगळ्यात कटकटीचं, ज्यात दोन्ही फोनचा दोष नाही. तुम्ही लाखाचा फोन घ्या नाहीतर दहा हजारांचा, ॲप बनवणाऱ्याने बटणाला नाव दिलं नसेल तर दोन्ही आवाज "बटण, बटण, बटण" एवढंच म्हणणार. आपण स्वतः नाव देऊन ठेवू शकतो, दोन्हीकडे सोय आहे, आयफोनवर दोन बोटांनी डबल टॅप करून धरून ठेवायचं. मी एका किराण्याच्या ॲपच्या पंधरा बटणांची अशी एका रविवारी बसून नावं देऊन बारशी केली, पुढच्या अपडेटला सगळी परत बिननावाची. केवायसी हा तर छळ होता. चेहरा गोलात आणा, डोळे मिचकावा. कुठला गोल? एका बँकेच्या ॲपसमोर मी वीस मिनिटं डोळे मिचकावत बसले होते, घरचे हसून लोटपोट. यावर कोर्टात गेलेल्यांचं भलं होवो, अमर जैन हे दृष्टिहीन वकील आणि ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून, यांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसी सगळ्यांना जमेल असं करा म्हणून वीस निर्देश दिले. त्या दिवशी आमच्या डब्यात पेढे वाटले गेले, खरंच. ॲपमधला गोल अजून गेलेला नाही, पण आता निदान तक्रारीत लिहायला तारीख आहे.

तर त्या पोरीला मी सोमवारी काय सांगितलं. नवा आयफोन म्हणजे २०२५ मध्ये आलेला सगळ्यात स्वस्तातला १६ई सुद्धा ५९,९०० ला आला होता, तिचे अठरा हजार, म्हणजे अजून दोन-तीन वर्षं थांब. सेकंडहँड घे म्हटलं तर तिच्या बजेटमध्ये जो येईल त्याची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकायची नाही, आणि आपला फोन संपला की आपण नुसते फोनविना नसतो, आपलं वाचणं, रस्ता, पैसे सगळंच संपतं. तिला मेल लिहायचे नाहीत, नोट्स ऐकायच्यात, मराठी मेसेज करायचेत, लोकलमध्ये उभ्याने वापरायचाय. म्हटलं, अगं अँड्रॉइड घे, बाजूला फिंगरप्रिंट असलेला, इयरफोनचं भोक असलेला, आणि दुकानात स्वतः टॉकबॅक लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. उरलेल्यातून पॉवर बँक घे. नोकरी लागली आणि दिवसभर टायपिंगचं काम आलं तर मग आयफोनचं बघू, तोवर माझा १३ कदाचित मीच तुला विकेन.

तिने पुढच्याच शनिवारी घेतला. काल गाडीत तिने उत्साहाने फोन माझ्या कानाला लावला, "ताई ऐका ना, ईस्पीक टाकलंय, मराठी लावलंय, सगळं मीच केलं." मी ऐकलं. परत लाव म्हटलं. परत ऐकलं. नाहूर गेलं तरी मला एक शब्द कळेना, इतका स्पीड ठेवलाय त्या बयेने. पलीकडून काका म्हणाले, "हाही चायनीजच का गं?"